सोलापूरहून फ्रान्सच्या सरकारी युनिव्हर्सिटीत जायचंय? रोमानियाच्या पोरांचा सल्ला गाळून घ्या

फ्रान्सला शिकायला जायचं म्हणून नेटवर शोधायला बसलं की अर्ध्या तासात एक आकडा दिसतोच, वर्षाची फी १७८ युरो. म्हणजे १८ हजाराच्या आसपास. मग घरात आनंदीआनंद, बाबा म्हणतात इथं बारावीच्या क्लासला याच्या चौपट घालवले, जा की बे. आकडा खोटा नाहीये, २०२५-२६ ला लिसांसची म्हणजे आपल्या बीए बीएस्सीसारख्या ३ वर्षांच्या डिग्रीची सरकारी फी तेवढीच आहे, मास्टरची २५४. फक्त तो सल्ला लिहिणारा बहुतेक वेळा रोमानियाचा, इटलीचा नाहीतर पोलंडचा पोरगा असतो आणि त्याने स्वतःपुरतं सगळं बरोबरच लिहिलेलं असतं. आपल्याकडचा पासपोर्ट निळा, तिथं गणित बदलतं.

माझ्यासोबत मास्टरला एक रोमानियाची मैत्रीण होती. तिने अ‍ॅडमिशन कशी घेतली ते ऐकून मला आधी वाटायचं ही थापा मारतेय. व्हिसा नाही, इंटरव्ह्यू नाही, बँक स्टेटमेंट नाही, ऑगस्टअखेर बॅग भरली आणि आली. रोमानिया २००७ पासून युरोपियन युनियनमधे आहे, २०१४ पासून त्यांना फ्रान्समधे कामालाही परमिट लागत नाही, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या फीच्या बाबतीत ती आणि तिथली लोकल पोरगी एकाच रांगेत. तिचं गाईड घेऊन तुम्ही निघालात तर कुठं कुठं अडकाल आणि कुठं खरंच उपयोग होईल, ते सांगतो.

सुरुवात पैशापासूनच. २०१९ पासून युरोपबाहेरच्या नवीन विद्यार्थ्यांना फ्रान्सने वेगळी फी लावली. २०२५-२६ चे आकडे बघा, लिसांसला २८९५ युरो, मास्टरला ३९४१ युरो. युरो साधारण शंभर रुपये धरला तर मास्टरचे वर्षाला ४ लाखाच्या आत. तरी इंग्लंड अमेरिकेच्या मानाने हे काहीच नाही, पण १८ हजार डोक्यात धरून बसलेल्याला हा धक्काच असतो. आता यातली गंमत अशी की बऱ्याच युनिव्हर्सिट्या आपल्या बोर्डात ठराव करून बाहेरच्या पोरांना सूट देतात, कुणी सगळ्यांना, कुणी फक्त मास्टरला, कुणी मार्कांवर, आणि मग तुम्हीही तेच अडीचशे युरो भरता. हे दरवर्षी बदलू शकतं म्हणून ज्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताय तिच्या साईटवर 'एक्झोनेरासियों' म्हणजे फीमाफी नावाचं पान उघडून चालू वर्षाचा ठराव वाचा, नाही सापडला तर इंटरनॅशनल ऑफिसला साधा मेल टाका. आणि हे कॉलेज निवडायच्या आधी करा, नंतर नाही. पीएचडीला ही वेगळी फी लागूच नाही, तिथं रोमानिया आणि सोलापूर सारखेच. शिवाय सेव्हेक नावाची एक वर्गणी, २०२५-२६ ला १०५ युरोची, बहुतेक सगळ्यांना भरावीच लागते, तिची पावती असल्याशिवाय अ‍ॅडमिशन पूर्ण होत नाही.

इथंच एजंटांबद्दल बोलून घेतो. 'फ्रान्स' म्हणून तुमच्यापुढे जे ब्रोशर ठेवलं जातं ते शंभरातलं बरंचसं प्रायव्हेट बिझनेस स्कूलचं असतं, वर्षाला १०-१५ हजार युरोवालं. सरकारी युनिव्हर्सिटी एजंटला कमिशन देत नाही मग तो तिचं नाव कशाला काढेल. प्रायव्हेट वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही, काही खरोखर नावाजलेली आहेत, पण एजंटला सरळ विचारा की हे 'पब्लिक' आहे का, उत्तर द्यायला वेळ लागला की समजून जा.

अर्जाचा रस्ताही वेगळा. रोमानियाचा मुलगा लिसांसला पार्कूरसुप आणि मास्टरला मों मास्टर या सरकारी पोर्टलवरून जातो, फ्रेंच पोरांसारखाच. भारतात राहून अर्ज करणाऱ्याला ते दोन्ही नाहीत, आपल्याला 'एत्यूद आं फ्रांस' हा पोर्टल, जो कॅम्पस फ्रान्स ही फ्रेंच सरकारी संस्था बघते. तिथं अकाऊंट, कागद, कॉलेजांची निवड, मग कॅम्पस फ्रान्सचा इंटरव्ह्यू आणि त्यानंतर व्हिसा, सगळं एकाच फाईलमधून पुढं सरकतं. लिसांसच्या पहिल्या वर्षाला जायचं असेल तर खिडकी १ ऑक्टोबरला उघडते आणि साधारण १५ डिसेंबरला बंद. म्हणजे सप्टेंबरमधे जायचं असेल तर त्याच वर्षीची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा भरायच्या आधी तुमचा अर्ज आत गेलेला पाहिजे. बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्याचं अख्खं एक वर्ष जातं. मास्टरच्या तारखा कॉलेजप्रमाणे बदलतात पण त्याही हिवाळ्यातच सुरू होतात.

इंटरव्ह्यूला घाबरू नका, पण पाठ करून जाऊ नका. हाच कोर्स का, याच गावात का, परत आल्यावर काय, एवढंच विचारतात. 'फ्रान्स हा कलेचा आणि संस्कृतीचा देश आहे' हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पंधरा वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा टेक्स्टाईलवाला असाल तर सांगा की घरी पॉवरलूम आहे, चादरीचा धंदा बघत मोठा झालो आणि या कोर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरमधे अमुक विषय आहे तो मला पाहिजे. कोर्सचं पान वाचलंय हे दिसलं पाहिजे बस.

भाषेचं आता. रोमानियन ही फ्रेंचच्या घराण्यातलीच भाषा, शाळेतही तिथं बरीच पोरं फ्रेंच घेतात, देश १९९३ पासून फ्रँकोफोनीचा म्हणजे फ्रेंचवाल्या देशांच्या संघटनेचा मेंबर आहे. भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात, त्यामुळे 'सहा महिन्यात बी-टू झालो' हे त्यांचं वाक्य आपल्यासाठी नाही. मराठी मुलाने शून्यापासून बी-टू गाठायला ५०० तासांच्या वरच धरावेत, आणि ते रोजचे दोन तास असतील तर, रविवारी बसून पाच तास नाही. फ्रेंचमधून लिसांस करायचं तर बी-टू लागतंच. इंग्लिशमधले कोर्स आहेत पण ते बहुतेक मास्टरचे, विशेषतः सायन्स आणि इंजिनिअरिंगला. वालचंद किंवा ऑर्किडमधून बीई करून थेट इंग्लिश मास्टरला जाणं हा सोलापूरच्या पोरांना जास्त सोपा रस्ता, असं माझं स्पष्ट मत. पुण्यात आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, हुतात्मा एक्सप्रेस पकडून परीक्षेला जाऊन येता येतं, क्लास ऑनलाईन मिळतात. इंग्लिश कोर्सला निघालात तरी ए-टू पर्यंत फ्रेंच करूनच जा, कारण कोर्स इंग्लिशमधे असला तरी ऑफिसातली बाई, घरमालक, डॉक्टर, बस ड्रायव्हर यांचा कोर्स इंग्लिशमधे झालेला नसतो.

आता ज्या गोष्टीवर आपल्याकडचे सगळ्यात जास्त लोक आपटतात ती. नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं वेगळं. पासपोर्टवर आडनाव पहिल्या रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्यात. डिग्रीवर युनिव्हर्सिटीने तिसरंच काहीतरी छापलेलं. फ्रान्सच्या कॉम्प्युटरला दोनच रकाने कळतात, नों म्हणजे आडनाव आणि प्रेनों म्हणजे नाव. ठरवून टाका, पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, अगदी स्पेलिंगसकट, पोर्टलवर, बँकेत, सेव्हेकच्या पावतीवर. एका ठिकाणी 'शिवानंद' मधला एक ए जास्त पडला की पुढे सोशल सिक्युरिटीचा म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा नंबर यायला महिने जातात.

त्याहून मोठं म्हणजे जन्माचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला तिथं चालत नाही, कुणालाही समजावून सांगा चालत नाही. महापालिकेचा जन्मदाखला पाहिजे, त्यावर आईबापाची पूर्ण नावं पाहिजेत. आपल्याकडे कितीतरी जणांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधी हॉस्पिटलने नोंद पाठवलेली असते आणि नंतर कुणी गेलंच नाही. आजच कपाट उघडून बघा. नाव नसेल तर महापालिकेत ते घालून घ्या, मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, आणि फ्रेंच भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून, तो फ्रान्समधे गेल्यावर केला तरी चालतो. माझ्या रोमानियन मैत्रिणीला तिच्या नगरपालिकेने बहुभाषिक नमुन्यातला दाखला दिला होता, तिचं काम एका दिवसात. आपलं होत नाही, उगाच तिच्याशी बरोबरी करू नका.

व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो दाखवावे लागतात, म्हणजे वर्षाचे सात-साडेसात लाख. एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर चालतं, वडिलांचं बँक स्टेटमेंट आणि हमीपत्र चालतं, व्हिसाच्या आठ दिवस आधी काकांनी अचानक खात्यात टाकलेले पाच लाख बघून मात्र साहेब भुवया उंचावतो. बरं ६१५ हा कागदावरचा आकडा, पॅरिसमधे तेवढ्यात खोलीच येते. त्यापेक्षा सेंत-एतिएन, लिमोज, पोआतिए असली मध्यम गावं घ्या, भाडं निम्म्याच्या आसपास आणि विद्यार्थीही भरपूर.

खोली शोधताना घरमालक 'गारां' मागतो, म्हणजे फ्रान्समधला जामीन. इथं रोमानियाचाही अडतो आणि आपणही. उपाय दोघांना एकच, विझाल. सरकारमान्य हमी आहे, फुकट आहे, ३० वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला मिळते, व्हिसा हातात आला की ऑनलाईन काढून ठेवा आणि घरमालकाला पहिल्याच मेलमधे जोडा. क्रूस म्हणजे सरकारी होस्टेलं स्वस्त पण त्यात स्कॉलरशिपवाल्यांना आधी नंबर, उरलेल्या खोल्या जुलैत सुटतात तेव्हा लक्ष ठेवायचं. क्रूसच्याच मेसमधे साडेतीन युरोच्या आत पूर्ण जेवण मिळतं. शाकाहारी असतं पण रोज तेच ते पास्ता आणि वाटाणे, म्हणून शेंगा चटणी न्या, ती नेता येते. तूप, पेढे, खवा न्यायचा नाही, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रोमानियन मैत्रिणीच्या घरून बसने सॉसेजचे डबे यायचे ते वेगळं, ती युनियनच्या आतली.

कॅफ नावाच्या ऑफिसातून भाड्याची सरकारी मदत मिळते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती धरून बजेट मांडू नका. २०२६ च्या बजेटात युरोपबाहेरच्या, स्कॉलरशिप नसलेल्या विद्यार्थ्यांची ही मदत काढायचा प्रस्ताव सरकारने आणला, त्यामुळे जायच्या वेळी काय नियम आहे ते बघा आणि मिळाली तर बोनस समजा. कामाचंही तसंच, रोमानियाच्या पोराला तासांची मर्यादा नाही, आपल्याला वर्षाला ९६४ तास. आठवड्याला १८-१९ तास पडतात, त्यात किराणा निघतो, फी निघत नाही. स्कॉलरशिप हवी तर फ्रेंच एम्बसीची शारपाक आणि मास्टर-पीएचडीसाठी आयफेल, आयफेलला अर्ज आपण नाही करायचा, कॉलेज आपलं नाव पाठवतं, म्हणून कॉलेजला ऑक्टोबर नोव्हेंबरमधेच विचारायला लागतं.

पोचल्यावर तीन कामं पटापट. व्हिसा ऑनलाईन व्हॅलिडेट करणं, यासाठी ३ महिने असतात, टॅक्स भरायचा आणि पावतीचा पीडीएफ चार ठिकाणी सेव्ह करायचा. मग सोशल सिक्युरिटीत नाव नोंदणं, ते परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या साईटवर आणि फुकट. रोमानियाचा मुलगा हे करत नाही कारण त्याच्याकडे युरोपियन हेल्थ कार्ड असतं, त्याचं बघून तुम्ही सोडलंत तर दाताच्या एका डॉक्टरमधे महिन्याचा किराणा जाईल. तिसरं म्हणजे युनिव्हर्सिटीत नोंदणी दोनदा होते, एकदा पैशाची आणि एकदा विषयांची, आणि पहिली झाली की सगळं झालं असं समजून पोरं फिरायला जातात, मग ग्रुपच्या यादीत नावच नाही. ऑफिस दुपारी बंद असतं, दीड-दोन तास, आणि तेव्हा दार वाजवायचं नाही.

अभ्यासाचं थोडक्यात. मोठ्या हॉलमधलं लेक्चर असतं त्याला हजेरी सहसा नसते, छोट्या ग्रुपच्या तासाला, ज्याला तेदे म्हणतात, हजेरी लागते आणि तिथलेच मार्क धरतात. मार्क २० पैकी, १० ला पास. १२ आले तर घरी फोन करून रडू नका, १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे प्रोफेसर खूश. घरच्यांना टक्केवारी करून सांगू नका, ६० टक्के ऐकून आई देवाला नारळ बोलेल.

पहिलं वर्ष संपत आलं की रेसिडेन्स परमिटचा अर्ज, व्हिसा संपायच्या ४ ते २ महिने आधी, ऑनलाईन. त्याला नवीन वर्षाचं अ‍ॅडमिशन लेटर, आधीच्या वर्षाचे मार्क आणि पुन्हा बँकेचे कागद लागतात. मार्क हातात येत नसतील तर तेवढ्यासाठी थांबू नका, आधी अर्ज टाका आणि ऑफिसकडून निकाल बाकी असल्याचं पत्र घेऊन जोडा.