इलेव्हन प्लसचा निकाल ग्रुपवर टाकण्याआधी: या चुका टाळा

निकालाचा ईमेल आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि लेक नुकतीच शाळेतून येऊन बुटांच्या नाड्या सोडत होती. इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा, ती पास झाली होती. मी तिला जवळ घेतलं, दोघीही रडलो, आणि ती हात धुवायला वर गेली तेवढ्यात मी पत्राचा स्क्रीनशॉट दोन ग्रुपवर टाकला. एक घरचा, दुसरा इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या मराठी पालकांचा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "आई, वर्गातल्या तिघींना माझा स्कोअर माहितीये. मी तर कुणालाच सांगितला नव्हता." त्या तिघींपैकी एक तिची जिवलग मैत्रीण होती आणि तिचं ग्रामरचं हुकलं होतं. लेकीला ही गोष्ट मैत्रिणीशी आपली आपण, दोघींनीच बोलायची होती. ती संधी मी घालवली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. दर ऑक्टोबरला या वाटेवर नव्याने आलेले आईबाबा तेच करताना दिसतात, म्हणून लिहायला बसले.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा आहेत. त्या सरकारी खर्चाने चालतात, फी नसते, पण प्रवेश परीक्षेवर मिळतो. १९९८ च्या कायद्याने नवीन ग्रामर शाळा काढायला बंदी आहे, त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी शाळा तेवढ्याच. मुलं दहा वर्षांची असताना, इयर सिक्सच्या सुरुवातीला सप्टेंबरात परीक्षेला बसतात. निकाल बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यावर येतो, शाळांची पसंती लिहायचा काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो आणि कुठली शाळा मिळाली ते १ मार्चला कळतं. निकाल आणि फॉर्म यांच्यातल्या या दोन-तीन आठवड्यांतच सगळे घोळ होतात.

आकडा गुणांसारखा वाचणं

निकाल कळल्यावर साताऱ्याहून सासूबाईंनी विचारलं, "शंभरातले एकशे चौदा कसे गं पडले?" प्रश्न अगदी बरोबर होता. कारण ते ११४ हे गुण नव्हतेच.

पत्रात येतो तो स्टँडर्डाइज्ड स्कोअर. मुलाने किती प्रश्न बरोबर सोडवले तो कच्चा आकडा घेतात, त्या वेळी परीक्षा दिलेल्या मुलांशी ताडून पाहतात आणि साधारण १०० म्हणजे सरासरी अशा मोजपट्टीवर बसवतात. त्यात मुलाचं वयही महिन्यांनुसार धरतात. इथलं शैक्षणिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून ऑगस्टात जन्मलेलं मूल त्याच वर्गातल्या सप्टेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असतं. दोघांनी सारखेच प्रश्न सोडवले तर लहानाचा स्कोअर जास्त येतो. मग "तिचे ११९ आणि याचे ११६, म्हणजे ती हुशार" असं म्हणायला काहीच आधार उरत नाही. दोघांचे कच्चे गुण सारखे असू शकतात, किंवा उलटेही.

एका भागातला आकडा दुसऱ्या भागात तर अजिबात चालत नाही. आम्ही लंडनजवळच्या स्लाव गावात राहतो. इथल्या लँगली, अप्टन कोर्ट, हर्शेल आणि सेंट बर्नार्ड्स या चार ग्रामर शाळांची परीक्षा एकच आणि पात्रतेचा आकडा १११. हद्दीला लागूनच बर्नहॅम आहे, पण तिथली ग्रामर बकिंगहॅमशर काउंटीत (आम्ही तिला बक्स म्हणतो) मोडते आणि तिथला आकडा १२१. आमच्याकडची कित्येक मुलं दोन्ही परीक्षा देतात. मग ग्रुपवर "स्लावचे ११८ पण बक्सचे फक्त ११५, असं कसं?" हा मेसेज ठरलेला. पेपर वेगळा, बसलेली मुलं वेगळी. बक्सच्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांची नावं आपोआप जातात, पालकांनी नको म्हटलं तरच वगळतात. स्लावला मात्र ज्यांच्या पालकांनी मुद्दाम अर्ज केला तीच मुलं बसतात. शिवाय बक्समध्ये भाषा आणि शाब्दिक तर्काला निम्मं वजन आहे, गणिताला पाव आणि आकृत्यांच्या तर्काला पाव. गणितात पुढे असलेलं मूल तिथे मागे पडलं तर त्यात नवल काही नाही.

केंट काउंटीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे इंग्रजी, गणित आणि रीझनिंग असे तीन स्कोअर येतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १४१, बेरीज ४२३. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर हवी आणि शिवाय तिन्हींत किमान आकडाही गाठायला हवा. त्यामुळे जास्त बेरजेचं मूल नापास आणि कमी बेरजेचं पास, असं घडू शकतं. केंटमधल्या मैत्रिणीने नुसती बेरीज सांगितली आणि आपण अंदाज बांधला, तर तो चुकायचाच.

जिथे स्कोअर चालत नाही तिथे स्कोअरची शर्यत

मला सर्वांत जास्त वाईट या चुकीचं वाटतं, कारण तिच्यापायी हाती येऊ शकणारी शाळा जाते.

ग्रामर शाळा जागा दोन रीतींनी भरतात. लंडनमधल्या बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्स स्कूलसारख्या शाळांत राहण्याच्या हद्दीची अट नाही आणि जागा गुणानुक्रमे जातात. तिथे एकेका गुणाने फरक पडतो. दुसरीकडे बकिंगहॅमशरमध्ये १२१ गाठले की मूल पात्र. त्यापुढे तुमचा १२१ आणि शेजारच्यांचा १४० यांत बहुतेक शाळा फरक करत नाहीत. कॅचमेंट, म्हणजे शाळेने ठरवलेला आसपासचा भाग, आणि घरापासूनचं अंतर यांवर जागा ठरते. शाळेजवळ राहणाऱ्या १२२ च्या मुलाला जागा मिळते आणि लांबच्या १३८ च्या मुलाला मिळत नाही. लंडनच्या बेक्स्ली भागात या दोन्हींचं मिश्रण आहे: सर्वांत वरच्या १८० मुलांना आधी प्राधान्य, बाकीच्या पात्र मुलांना पुढचे निकष.

आता ग्रुपवर काय घडतं बघा. आमच्या ग्रुपात ४२ जण होते. निकालाच्या संध्याकाळी स्कोअर टाकले अकरा जणांनी, आणि ते बहुतेक वरचे. १२६, १३१, १२९. बाकीचे एकतीस गप्प. ११३ ची आई हे सगळं रात्री वाचते आणि तिला वाटतं की आपलंच मूल तळाला आहे. त्या घाबरलेल्या मनाने ती फॉर्म उघडते आणि पहिल्या क्रमांकावरची ग्रामर काढून टाकते, "कशाला उगाच एक जागा वाया घालवायची?" त्या शाळेत जागा अंतरावर मिळते आणि ही बाई शाळेपासून दहा मिनिटांवर राहते, हे त्या रात्री तिला सांगायला कुणी नसतं.

फॉर्ममध्ये क्रमांक लावून काही वाया जात नाही. तुम्ही कोणती शाळा कितव्या क्रमांकावर टाकली हे शाळांना दिसत नाही आणि त्यावरून प्रवेश ठरवायला त्यांना परवानगीही नाही. प्रत्येक शाळा आपल्या निकषांप्रमाणे यादी लावते. तुमच्या यादीतल्या ज्या ज्या शाळांत जागा बसते त्यांपैकी तुमच्या पसंतीची सर्वांत वरची शाळा काउन्सिल देतं. म्हणून मनापासून हवी ती शाळा वर, आणि शेवटी घराजवळची, प्रवेश नक्की मिळेल अशी एक साधी शाळा लिहायचीच. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात. सहाही ग्रामर लिहिल्या आणि एकही मिळाली नाही, तर काउन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतं, आणि ती शाळा दोन बस बदलून गाठावी लागणारीही असू शकते.

तेव्हा निकालानंतर विचारायचे प्रश्न दोनच: या शाळेत पात्र मुलांना जागा कशावर मिळते, आणि मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावर किंवा किती स्कोअरवर गेली? उत्तरं शाळेच्या प्रवेशविषयक नियमांत आणि काउन्सिलच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती शोधायला कुणाच्याही मुलाचा स्कोअर लागत नाही.

रँक ऐकून हाय खाणं

काही शाळा किंवा परीक्षा-गट क्रमांकही कळवतात. जागा १८० आणि क्रमांक २६० म्हटल्यावर घरात सुतक आल्यासारखं होतं. पण त्या यादीतली कित्येक मुलं तीन-चार ठिकाणी बसलेली असतात, काही खासगी शाळेत जातात, काही एवढ्या लांबची असतात की पालक शेवटी नको म्हणतात. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तरी शाळेला वेटिंग लिस्ट ठेवावीच लागते. म्हणजे नंबर नंतरही लागू शकतो. ग्रुपवर क्रमांक जमवून "आपल्यातल्या कुणाला मिळेल" याचा तक्ता करणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगते, करू नका. बाहेरच्या शेकडो मुलांची माहिती तुमच्याकडे नाही, आणि त्या तक्त्यात तळाला ज्याचं नाव येतं ते एक दहा वर्षांचं लेकरू आहे.

अख्खं पत्र पाठवणं

आता माझी स्वतःची चूक. पत्रावर स्कोअर असतोच, पण मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कधी शाळेचं नाव आणि परीक्षा क्रमांकही असतो. मी हे सगळं ४२ घरांत पाठवलं, त्यातल्या निम्म्यांना मी प्रत्यक्ष भेटलेही नव्हते. घरच्या ग्रुपवरूनही ते फिरलं. पुण्याच्या आत्याने कौतुकाने पुढे धाडलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्याच गावातल्या एका ओळखीच्या काकूंचा मला अभिनंदनाचा फोन आला.

व्हॉट्सॲपला इथे वयाची अट १३ आहे, म्हणून मुलांपर्यंत हे पोचणार नाही असं वाटत असेल तर जेवणाच्या टेबलावर पडलेला आईचा फोन आठवा. आमच्या वर्गात बातमी तशीच पोचली. कुणी मुद्दाम सांगितली नव्हती.

पाठवून झालं असेल तर लगेच "सर्वांसाठी डिलीट" करा. त्यासाठी साधारण अडीच दिवसांची मुदत असते. त्याने कुणाच्या गॅलरीत उतरलेला फोटो जात नाही, म्हणून सोबत एक साधा मेसेज टाका: "मी लेकीला न विचारता पत्र टाकलं होतं, कृपया आपल्या फोनमधून काढून टाका, पुढे पाठवू नका." मी टाकला. पाच मिनिटांत तिघांनी आपापल्या मुलांची पत्रं काढली. मग मुलाला स्वतःहून सांगा. दुसरीकडून कळण्याआधी.

पेपरातले प्रश्न विचारू-सांगू नका, हे वेगळं सांगायला हवंच. आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने काही मुलं नंतरच्या तारखेला बसतात. आपल्या लेकराला "काय काय आलं होतं ते सांग, लिहून घेऊ" म्हणून बसवणं म्हणजे त्याला गैरप्रकारात ओढणं आहे.

अपिलात दुसऱ्याच्या मुलाचा आकडा

थोडक्यात हुकलं की पालक ग्रुपवरच्या स्कोअरचे स्क्रीनशॉट गोळा करतात. "अमुकला एवढेच असून जागा मिळाली." अपील ऐकणारं पॅनेल शाळेपासून स्वतंत्र असतं आणि त्याच्यासमोर प्रश्न तुमच्या मुलाचा असतो: हे मूल त्या दर्जाचं आहे का, परीक्षेच्या दिवशी काय अडचण आली, याच शाळेची गरज का आहे. तिथे उपयोगी पडतात ते प्राथमिक शाळेचे प्रगती अहवाल, हेडटीचरचं पत्र, आजारपण असेल तर त्या वेळचा डॉक्टरांचा कागद. नकाराचं पत्र आल्यापासून अपिलासाठी शाळा सुरू असलेले किमान २० दिवस मिळतात. ते दिवस हे कागद जमवण्यात घालवा.

मुलाला काय सांगायचं

आम्ही यंदा धाकट्याच्या वेळी परीक्षेआधीच ठरवून टाकलं. त्याला विचारलं, "निकाल आला की कुणाकुणाला सांगायचा?" त्याने बोटं मोजली: आजी, ताई आणि फुटबॉलचा मित्र. आकडा सांगायचा का, यावर बराच विचार करून म्हणाला, "आजीला सांग. ती विचारतेच." बाकी सगळ्यांसाठी आमचं उत्तर तयार होतं: "निकाल आला, फॉर्म भरतोय, मार्चमध्ये सांगू." कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. एकीने तर खासगीत लिहिलं, "बरं झालं, मलाही सांगायचं नव्हतं."

कुणी थेट विचारलंच, "किती पडले?", तर "त्याने सांगू नको म्हटलंय" एवढं पुरतं. आपल्या माणसांत याहून मोठं कारण लागत नाही.

१ मार्चला हेच सगळं पुन्हा होतं, या वेळी शाळांच्या नावांनी. त्या दिवशी ग्रुप म्यूट करा आणि आधी काउन्सिलचा ईमेल नीट वाचा. तिसऱ्या पसंतीची शाळा मिळाली म्हणून कुणाचं तरी ऐकून रागाने ती नाकारू नका. मिळालेली जागा स्वीकारल्याने वरच्या पसंतीच्या वेटिंग लिस्टमधला तुमचा नंबर घसरत नाही, अपिलाचा हक्कही जात नाही. काउन्सिलने दिलेल्या तारखेच्या आत होकार कळवा आणि त्याच दिवशी वेटिंग लिस्टवर नाव आहे ना, याची खात्री करून घ्या, कारण काही ठिकाणी ते आपोआप लागत नाही, मुद्दाम कळवावं लागतं.