यवतेश्वरचा घाट आणि हिवाळ्यातली सायकल

डोंगरात सायकल चालवायला शिकायचं असेल तर दिवाळी उरकली की लगेच सुरुवात करा. पावसाने बसलेला मुरूम तोवर वाळून घट्ट झालेला असतो. चिखल संपलेला असतो आणि धुरळा अजून उडत नाही. फेब्रुवारी सरता सरता तोच मुरूम सुटा होऊन चाकाखालून सरकायला लागतो, आणि मार्चात नऊ वाजताच ऊन चटके देतं. म्हणजे हातात असतात जेमतेम तीन महिने. साताऱ्यात मी गेले चार हिवाळे हे तीन महिने सोडलेले नाहीत. सुरुवात केली तेव्हा मी ४४ वर्षांची होते. वर्गात दिवसभर उभं राहून गुडघे धरायचे, आणि रक्तातली साखर काठावर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आधी सायकलीचं माप बघा, रंग आणि कंपनी नंतर. माझी उंची पाच फूट एक इंच. दुकानदाराकडे माझ्या मापाची फ्रेम नव्हती, म्हणून ‘सीट खाली करून देतो’ म्हणत त्याने १८ इंची दिली. सीट खाली येते हो, पण हॅंडल जवळ येत नाही. दोन महिने माझी मनगटं बधिर व्हायची, मग ती विकून लहान फ्रेम घेतली. दुकानातच आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहा. नळी आणि अंग यांत दोन इंचांची तरी जागा हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला की सीटची उंची बरोबर. सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, पुढे असलं की नवशिक्याला पुरे. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरची तबकडी पकडणारे, मात्र हवेतच. मागचं सगळ्यात मोठं चक्र पुढच्या सगळ्यात लहान चक्रापेक्षा मोठं आहे ना, तेही मोजून घ्या. खड्या चढावर तोच गिअर गुडघे वाचवतो. हेल्मेट त्याच दिवशी घ्या.

सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. मध्ये यवतेश्वरचा घाट. हा फरक एका दमात चढायला जाऊ नका. मी अंतर मोजतच नाही, घड्याळ लावते. तीस मिनिटं चढायचं, आणि जिथे असू तिथून माघारी फिरायचं. पहिल्या आठवड्यात मी घाटाच्या सुरुवातीच्या वळणांतच परत फिरत होते. मग दर आठवड्याला परत फिरायची जागा थोडी थोडी वर सरकत गेली, कधी एका झाडाने, कधी एका वळणाने. आठवड्यातून तीनच दिवस जा, मंगळवार, गुरुवार आणि रविवार. मधल्या दिवशी मांड्या भरून आलेल्या असतात, त्यांना विश्रांती द्या.

गिअर चढ लागायच्या आधीच हलका करा. चढावर पायात जोर असताना बदललात तर चेन कडकड वाजते, कधी निसटतेही. पाय भराभर फिरू द्या, मिनिटाला सत्तर फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. दम किती लागावा, हे तपासायला मी सतराचा पाढा म्हणते. ‘सतरा नव्वे त्रेपन्नाशे’पर्यंत मध्ये श्वासासाठी थांबावं लागलं, तर वेग जास्त झाला असं समजायचं. कच्च्या वाटेवर चढ खडा असेल तर सीटच्या पुढच्या टोकावर सरका आणि कोपरं खाली घ्या. उभं राहिलात तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

टायरमधली हवा वाटेप्रमाणे बदलावी लागते. माझं वजन ६० किलो, तर डांबरावर मी ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते आणि मुरमावर ३०. त्याहून कमी केली की दगडावर ट्यूब चिमटली जाते. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीचा काटा तिथेच रुतलेला असतो, आणि तो काढला नाही तर नवीही दहा मिनिटांत बसते.

आता उतार. लोक चढाला घाबरतात, पण माणूस पडतो उतारावर. दुसऱ्या हिवाळ्यात मुरमाच्या वळणावर मी पुढचा ब्रेक एकदम दाबला. चाक घसरलं, कोपर सोलवटलं आणि नर्सने चिमट्याने एकेक खडा वेचून काढला. त्यानंतर मी शाळेच्या मैदानावर खडूने रेघ मारली. सारख्याच वेगाने येऊन रेघेवर आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही हळूहळू दाबून सायकल किती लांब थांबते ते पावलांनी मोजलं. तुम्हीही हे घाटात जाण्याआधी करा. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा आणि वळणात सोडायचा. सीट खाली घ्या, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवा, कंबर मागे न्या. नजर खड्ड्यावर ठेवलीत तर सायकल खड्ड्यातच जाते, म्हणून जिथे जायचं तिथेच बघा.

थंडीही उतारावरच बाधते. चढताना अंग घामाने भिजतं, आणि खाली येताना तोच घाम वाऱ्याने गार पडतो. मी चढताना एकच सदरा घालते. माघारी फिरताना छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवते आणि वरून विंडचीटर. बोटं झाकणारे हातमोजे घाला, कारण गारठलेल्या बोटांना ब्रेक नीट कळत नाही.

हिवाळा म्हणजे उसाचा गळीत हंगाम. पहाटे अंधारात ट्रॉलीला मागे दिवा नसला तर ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून उजाडल्यावरच निघा, तरीही मागचा लाल दिवा चालू ठेवा. मोजे उंच घाला, गवताची कुसळं घोट्यात शिरतात. आणि कासला पोचलात तर डांबर सोडू नका. तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर फार पातळ आहे, फुलं त्यातूनच येतात. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. एका चाकोरीने तिथलं किती नुकसान होतं, हे हिवाळ्यातल्या वाळक्या पठाराकडे बघून कळत नाही.

घरी आल्यावर आधी दोन घोट पाणी आणि गूळ-शेंगदाणे. मग सायकल उभी करून चेन जुन्या फडक्यात धरा आणि पायडल उलटं फिरवत राहा. फडकं काळं व्हायचं थांबलं की प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका, दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुसून काढा. ते तसंच राहिलं तर पुढच्या खेपेला सगळा मुरूम चेनला चिकटतो.