वरच्या फ्लॅटमधून पाणी गळतंय? आधी उगम शोधा, मग बोला

छताला पिवळट डाग दिसला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो फोन कृपया थांबवा. वरून पाणी येणं बंद झाल्याशिवाय छताला लावलेली पुट्टी, रंग किंवा पीओपी पहिल्याच पावसाळ्यात सुटून पडतं. शिवाय गळतीचा तुमच्याकडचा पुरावाही रंगाखाली झाकला जातो.

आधी वीज आणि डोक्यावरचा धोका

ओल पंख्याच्या हुकाजवळ, दिव्याच्या पॉइंटजवळ किंवा स्विचबोर्डच्या भिंतीवर असेल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) बंद करा. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय तो चालू करू नका. रंगाखाली पाण्याचा फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून त्याला बारीक भोक पाडा, म्हणजे पाणी एका जागी पडेल. प्लास्टर पोकळ वाजत असेल किंवा सळ्या दिसू लागल्या असतील तर त्याखालून पलंग, पाळणा, अभ्यासाचं टेबल हलवा. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा वेळी प्लंबर पुरेसा नाही, सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.

पाणी कधी गळतं, ते लिहून ठेवा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. रोज तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा आणि एका वहीत नोंद ठेवा. रात्रंदिवस, एकसारखं ठिबकत असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या, भिंतीत दडलेल्या (कन्सील्ड) पाइपवर. सकाळी आंघोळीच्या वेळी वाढून दुपारी थांबत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं भोक नि त्याखालचा भाग), टाइल्समधल्या फटी किंवा सांडपाण्याचा पाइप. फ्लशनंतर वाढत असेल तर कमोडचा जॉइंट. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी). मग वरच्या घराचा काही दोष नसण्याचीच शक्यता जास्त. एक लक्षात घ्या: बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे नि कोबा भरलेला असतो. तिथे साचलेलं पाणी आडवं सरकत जातं, त्यामुळे डागाच्या नेमकं वर गळती असेलच असं नाही.

वरच्यांना खाली बोलवा

वरच्या घरात सगळं कोरडं असतं. त्यांना गळती दिसतच नाही, म्हणून "आमच्याकडून काही नाही" हे त्यांचं उत्तर बहुतेक वेळा मनापासून आलेलं असतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकण्याआधी स्वतः वर जा. "काकू, पाच मिनिटं खाली येऊन आमचं छत बघता का? कुठून येतंय ते आपण मिळून शोधू," एवढंच म्हणा. चारचौघांत आरोप झाला की माणूस दार लावून घेतो, आणि त्या दाराआड गेल्याशिवाय तुमचं काम होणार नाही.

वर भाडेकरू असतील तर त्यांच्याशी नीट बोला, पण पत्र मालकाला द्या. खर्चाचा निर्णय त्यांचा असतो. फ्लॅट बंद असेल तर सेक्रेटरींना सांगून मालकाशी संपर्क करा आणि तोवर गच्चीवरून त्या फ्लॅटला जाणारा व्हॉल्व्ह वेगळा असल्यास बंद करून घ्या.

चाचणी दोघांच्या समोर

वरच्या घराचे सगळे नळ बंद करून त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवा. ठिबक थांबली तर दोष दाबाच्या पाइपमध्ये. न थांबल्यास बाथरूमच्या नहाणीला बोळा लावून दोनेक इंच पाणी भरा आणि २४ तास तसंच राहू द्या. पाण्यात खायचा रंग मिसळला तर खाली आलेलं पाणी ओळखू येतं. कमोडसाठी तोच रंग फ्लशच्या टाकीत टाका. शक्य असेल तर कमिटीच्या एका सदस्याला साक्षीला ठेवा आणि निष्कर्ष कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

दोष सापडला तर आधी स्वस्त उपाय करावा: टाइल्सच्या फटी खरवडून नव्याने ग्राउटिंग, ट्रॅपचा जॉइंट, कमोडची बैठक. त्याने भागलं नाही तरच फरशी उखडून वॉटरप्रूफिंग. खालून छताला भोकं पाडून रसायन भरण्याच्या, म्हणजे इंजेक्शनच्या, एकट्या कामावर मात्र विसंबू नका. वरचा उगम तसाच राहिला तर पाणी दुसरी वाट शोधतं.

खर्च कोणाचा, आणि नकार आल्यास

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइन यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. घरातल्या टॉयलेट-सिंकसारख्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाचा. पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकारही सोसायटीला आहे. म्हणून तोंडी बोलून काही हललं नाही तर सेक्रेटरींना फोटो आणि नोंदींसह लेखी अर्ज द्या. त्यावर पोच घ्यायला विसरू नका.

कमिटीही हलत नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. सदस्यांमधला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून आधी वकिलाची नोटीस पाठवून पाहावी. तुमची इमारत सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असेल (पुण्यात अशा बऱ्याच आहेत) तर तिचं घोषणापत्र (इमारतीचा नोंदवलेला मूळ दस्त) आणि त्यातले उपविधी पाहा. नव्या इमारतीत, ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा वेळी वरच्यांशी भांडण्यापेक्षा दोघांनी मिळून बिल्डरला पत्र लिहावं.

वरचं काम सुरू होण्याआधी तुमच्या छताचं प्लास्टर आणि रंग कोण करून देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. काम संपल्यावर हा विषय काढणं अवघड जातं. दुरुस्तीनंतर छत पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. वाळेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, बुरशी पुसून काढा, आणि वर एकदा पुन्हा पाणी भरून चाचणी घ्या. ती कोरडी गेली की मग रंगाऱ्याला बोलवा.