जुन्या इंजेक्शन गाडीची रेस वरखाली होते? सेन्सर बदलण्याआधी हवा शोधा

सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते आणि आरपीएमचा काटा 800 वरून 1500 वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल इंजेक्शन गाडीला हे दुखणं लागलं की जो तो म्हणतो, "सेन्सर गेलाय, बदलून टाक." माझ्या गाडीत एका गॅरेजने असे तीन सेन्सर बदलले. पैसे गेले, दुखणं तिथेच राहिलं. तेव्हापासून मी न तपासता एकही पार्ट विकत घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

आधी त्रास कधी होतो ते आठवडाभर लिहून काढा: इंजिन थंड असताना की गरम, एसी लावल्यावर की पावसात. मुंबईत बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट असतं, आणि तपासाला त्याचा मोठा उपयोग होतो. दोन्ही इंधनांवर त्रास होत असेल तर प्लग, कॉइल किंवा हवेची बाजू बघा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलचा फिल्टर, पंप आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बघा. महिनोन्महिने पेट्रोलवर न चाललेल्या गाडीचे इंजेक्टर चिकटतात. फक्त सीएनजीवर मिसिंग मारत असेल, म्हणजे इंजिन मधेच अडखळत असेल, तरी आधी प्लग आणि एचटी केबल (कॉइलपासून प्लगला वीज नेणारी जाड तार) तपासा, कारण गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते आणि कमजोर केबल तिथे आधी उघडी पडते.

गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. 2010 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना हल्लीचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर चालत नाही, त्यामुळे जुना स्कॅनर ठेवणारा मेकॅनिक गाठावा लागतो. बॅटरीची तार काढून "रिसेट" करायचा सल्ला अजिबात मानू नका, त्याने साठवलेले कोड पुसले जातात आणि हाती काहीच उरत नाही.

प्लग काढून बघा. ते परत बसवून इंजिन चालू करा, केबलवर रात्री अंधारात पाण्याचा बारीक फवारा मारा आणि लांबूनच पाहा. निळ्या ठिणग्या दिसल्या की केबल बदला.

बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण 14 हवी. इंजिनाची अर्थिंगची पट्टी खोलून पॉलिश पेपरने घासा. खाऱ्या हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो.

आता खरं अवघड काम. ते म्हणजे थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठून तरी आत शिरणारी चोरटी हवा शोधणं. इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) ओढ असते, त्यामुळे पाइपला केसाएवढी चीर पडली तरी हवा आत जाते. रेस वाढते, कॉम्प्युटर ती उतरवायला बघतो, पेट्रोल तोडतो, रेस पडते, पुन्हा पेट्रोल देतो. काट्याचा तो झोका हाच. सेन्सर बदलून चीर बुजत नाही.

चीर शोधायला कार्ब क्लीनरचा स्प्रे मारा किंवा उदबत्ती फिरवा, असं सर्रास सांगितलं जातं. कृपा करून दोन्ही करू नका. गरम एक्झॉस्ट, पेट्रोलचे पाइप आणि शेजारी गॅसचं किट, एवढ्याशा जागेत आग लागायला एक थेंब पुरतो. इंजिन चालू ठेवून पक्कडीच्या जबड्याला फडकं गुंडाळा आणि एकेक रबरी पाइप हळूच दाबा: ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा), पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा), कॅनिस्टरचा (पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याचा). ज्या पाइपवर काटा एकदम शांत होतो, तिथे थांबा आणि तो पाइप टोकापासून टोकापर्यंत तपासा. पंख्याच्या पट्ट्यापासून बाही आणि बोटं लांब ठेवा.

इनटेकमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज मिळालं तर आणखी बरं. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे धडधाकट इंजिनावर गेजचा काटा पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर राहायला हवा.

मी इथेच दोन महिने अडकलो होतो, कारण मी पाइप वरूनच बघत होतो. माझ्या पीसीव्हीचा पाइप वरून काळाभोर, मऊ, नवा वाटत होता. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या पोटाखाली बोट फिरवलं, तर नखाला खाच लागली. पाइप वाकवला तेव्हा चीर ओठासारखी उघडली, सोडला की मिटली. इंजिन हललं की ती उघडायची, म्हणून उभ्या गाडीत कधी दिसायची, कधी नाही. म्हणून प्रत्येक पाइप वाकवून बघा, वळणाच्या आतल्या बाजूला आणि क्लॅम्पच्या खाली खास. सीएनजीचा मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा भाग) बसवताना कापून जोडलेला सांधा तर आधी तपासा. टेप गुंडाळून चालवू नका, तेलाने आणि उष्णतेने ती दोन दिवसांत सुटते. नवा पाइप मिळत नसेल तर त्याच मापाचा, तेल-पेट्रोल सोसणारा होज घ्या. पाण्याचा साधा पाइप आतून फुगतो.

हवेची बाजू स्वच्छ निघाली तरच कूलंट तापमानाचा सेन्सर मोजा. मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. थंड इंजिनात साधारण 2,000 ओहम आणि गरम झाल्यावर 300 च्या आसपास दाखवायला हवं. आकडा मधेच अडखळला तर तो सेन्सर खरोखर गेलाय, बदला.

शेवटी कोड पुसून, एसी बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी आयडलिंगला चालू ठेवा, मग एसी लावा. काटा किंचित हलून जागेवर स्थिरावला की बॉनेट बंद करा.