हवाईपट्टीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ करताना कामांचा क्रम कसा ठेवावा

जिल्ह्याच्या गावाबाहेर राज्य सरकारची जुनी हवाईपट्टी असते. वर्षातून चार-दोन वेळा मंत्र्यांचे विमान तेथे उतरते. एरवी कुंपणाच्या फटीतून गुरे आत शिरतात आणि पहाटे भरतीची तयारी करणारी मुले धावतात. या पट्टीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ करावा अशी मागणी उठली की चर्चा बहुधा विमानतळाच्या नावापासून आणि टर्मिनलच्या रंगीत चित्रापासून सुरू होते. प्रत्यक्षात विमानाची निवड, अडथळ्यांचे सर्वेक्षण, जमीन, धावपट्टी, परवाना, देशांतर्गत सेवा आणि त्यानंतर सीमाशुल्क व इमिग्रेशन असा या कामाचा क्रम आहे. तो उलटा केला, तर पैसा खर्च होऊनही विमान येत नाही.

अयोध्येचे उदाहरण समोर ठेवून हा क्रम समजून घेता येतो. तेथे उत्तर प्रदेश सरकारची १७८ एकरांवरची छोटी हवाईपट्टी होती. तिच्या विकासासाठी राज्य सरकार आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्यात २०१४ मध्ये सामंजस्य करार झाला, पुढे जागा वाढून ८२१ एकर झाली, २,२०० मीटर लांबीची धावपट्टी तयार झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना मिळाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून मान्यता दिली. करारापासून पहिल्या प्रवासी विमानापर्यंत सुमारे दहा वर्षे गेली. आंतरराष्ट्रीय दर्जाचा निर्णय मात्र उद्घाटनानंतर आठवड्याभरात झाला. कोणते काम वेळखाऊ आहे आणि कोणते नाही, हे या दोन कालावधींवरून कळते. नावाचे म्हणाल, तर राज्य मंत्रिमंडळाने २०२० मध्ये मर्यादा पुरुषोत्तम श्रीराम हे नाव मंजूर केले होते आणि शेवटी महर्षी वाल्मिकींचे नाव देण्यात आले. नाव बदलल्याने बांधकामाचे काही अडले नाही, म्हणून समितीची पहिली बैठक तरी त्यावर घालवू नये.

सर्वांत आधी कोणते विमान उतरवायचे आहे हे लेखी ठरवावे. पुढची जवळजवळ प्रत्येक संख्या या एका निर्णयातून निघते. एटीआर-७२ सारखे सत्तर आसनांचे विमान तुलनेने आखूड धावपट्टीवर चालते, एअरबस ए-३२० साठी साधारण २,२०० मीटर हा व्यवहार्य आकडा धरतात आणि रुंद अंगाच्या मोठ्या विमानांसाठी ३,००० मीटरच्या पुढे जावे लागते. आंतरराष्ट्रीय म्हटले की थेट लंडनचे विमान डोळ्यांसमोर येते. पण छोट्या शहरांतून परदेशी जाणारी माणसे मोठ्या संख्येने आखातात जातात आणि तेथवरचे अंतर ए-३२० वर्गाचे विमान सहज कापते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात या वर्गाचे विमान धरून आराखडा करावा आणि मोठ्या विमानासाठी लागणारी वाढीव जमीन नकाशावर राखून ठेवावी, हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. अयोध्येतही २,२०० मीटरवर सेवा सुरू झाली आणि ३,७५० मीटरची धावपट्टी पुढच्या टप्प्यासाठी ठेवण्यात आली.

येथे दख्खनच्या पठारावरील वाचकांनी एक हिशेब जरूर करावा. विमानाच्या माहितीपत्रकात दिलेली लांबी समुद्रसपाटीवरची आणि प्रमाण तापमानातली, म्हणजे हिशेबासाठी सगळीकडे गृहीत धरलेल्या तापमानातली, असते; हे प्रमाण तापमान उंचीबरोबर कमी होते. समुद्रसपाटीपासून उंचीच्या दर ३०० मीटरला लांबी सुमारे सात टक्के आणि त्या उंचीवरील प्रमाण तापमानापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशाला सुमारे एक टक्का वाढवावी, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ठोकताळा आहे. समजा, गाव ६०० मीटर उंचीवर आहे आणि संदर्भ तापमान, म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यातील रोजच्या कमाल तापमानांची सरासरी, ३८ अंश आहे. उंचीमुळे १४ टक्के वाढ होते. त्या उंचीवर प्रमाण तापमान जेमतेम ११ अंश असल्याने उष्णतेमुळे आणखी २७ टक्के वाढतात. दोन्ही मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर ठोकताळ्यावर न थांबता त्या जागेसाठी स्वतंत्र अभ्यास करून घ्यावा लागतो. कोकणात पुरणारी धावपट्टी मराठवाड्यात का पुरत नाही, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

यानंतर जमिनीकडे वळण्याची घाई होते, पण त्याआधी अडथळ्यांचे सर्वेक्षण करून घ्यावे. विमानतळाच्या मालकीच्या कुंपणाबाहेरही एक अदृश्य छत्री पसरलेली असते. धावपट्टीभोवती चार किलोमीटरच्या परिघात ४५ मीटरपेक्षा उंच काही उभे राहू नये आणि उतरण्याच्या दिशेला उंचीची मर्यादा धावपट्टीच्या टोकाजवळून दर ५० मीटरला एक मीटर अशी चढत जावी, असा मोठ्या विमानतळांसाठीचा ढोबळ नियम आहे. सोलापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळाजवळच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षे वाद चालला, अखेर जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली आणि नियमित विमानसेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली. शेतकरी सभासदांचा कारखाना आणि शहराची विमानसेवा असा झगडा उभा राहू नये, यासाठी कोणत्या भागात किती उंच बांधता येईल हे रंगांनी दाखवणारे नकाशे नगरपालिका, ग्रामपंचायती आणि नगररचना कार्यालय यांच्याकडे पहिल्याच वर्षी पोहोचवावेत आणि मनोरे, उच्चदाब वाहिन्या, पाण्याच्या उंच टाक्या यांना ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय परवानगी मिळणार नाही अशी व्यवस्था करावी. त्याच बैठकीत कचरा डेपोचा विषयही काढावा. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास आणि उघड्यावर कत्तल करण्यास विमानविषयक नियमांनी मनाई आहे; बहुतेक शहरांचा डेपो मात्र नेमका गावाबाहेरच्या स्वस्त जागेत, म्हणजे हवाईपट्टीच्याच बाजूला असतो.

जमिनीचा अंदाज करताना डांबरी पट्टा मोजून चालत नाही. २,२०० मीटरच्या धावपट्टीला दोन्ही टोकांना ६० मीटर धरून २,३२० मीटर लांब आणि उपकरणांच्या साहाय्याने विमान उतरवायचे असेल तर २८० मीटर रुंद असा सपाट, मोकळा पट्टा लागतो. केवळ एवढ्याचेच क्षेत्र सुमारे १६० एकर होते. त्यापुढे दोन्ही टोकांना विमान पट्टीबाहेर गेल्यास लागणारे सुरक्षा क्षेत्र, शिवाय विमानांना धावपट्टीपर्यंत ये-जा करण्याचे टॅक्सी मार्ग, विमाने उभी करण्याचे अ‍ॅप्रन, टर्मिनल, अग्निशमन केंद्र, इंधनसाठा, नियंत्रण मनोरा आणि रस्ते यांची भर पडते. अयोध्येच्या जुन्या १७८ एकरांत हा मोकळा पट्टा जेमतेम मावला असता, हे लक्षात घेतले की ८२१ एकर का लागले हे कळते. संयुक्त मोजणी, सातबारावरील हक्कनोंदी, विहिरी व झाडांचे मूल्यांकन ही कामे २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार किंवा थेट खरेदीने करावीत, पण तुकड्यातुकड्याने करू नयेत. मधल्या दोन गटांचा ताबा राहिला की आजूबाजूची सगळी जमीन असूनही धावपट्टी पुढे सरकत नाही. पट्टीला छेदणारा गावरस्ता, ओढा किंवा कालवा असल्यास त्याच्या वळणाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात दाखवावा.

विमानतळ राज्याने स्वतःच्या कंपनीमार्फत चालवायचा की प्राधिकरणाकडे सोपवायचा हे याच टप्प्यावर ठरवून करारात जमीन, खर्च आणि भावी विस्तार यांची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्यावी. संरक्षण मंत्रालयाची संमती आणि पर्यावरण मंजुरी यांचे अर्ज समांतर चालू ठेवावेत.

बांधकामात मोह होतो तो जुन्या डांबरावर नवा थर टाकण्याचा. आधी ठिकठिकाणी खड्डे घेऊन खालच्या थरांची ताकद तपासावी, विशेषतः काळ्या मातीच्या प्रदेशात, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याचा निचरा नीट नसेल तर उत्तम डांबरीकरणही दोन पावसाळ्यांत बसते. अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरते: एटीआर-७२ ला पाचवी, ए-३२० ला सहावी, ए-३२१ ला सातवी. श्रेणी वाढली की बंब, पाणी आणि प्रशिक्षित माणसे वाढतात. बंब खरेदीला आणि माणसे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यांची मागणी धावपट्टीचे काम चालू असतानाच नोंदवावी.

परवान्यासाठी डीजीसीएकडे विमानतळाची नियमपुस्तिका, सुरक्षितता व्यवस्थापनाची पद्धत आणि सर्वेक्षणाचे आकडे द्यावे लागतात. प्रवेशद्वारे, तपासणी यंत्रे आणि कुंपण यांची पाहणी नागरी विमान सुरक्षा ब्युरो करतो. परवाना मिळताच देशांतर्गत सेवा सुरू करावी. छोट्या शहरांच्या विमानसेवेला मदत करणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतील मार्ग मिळाल्यास तोट्याचा काही भाग भरून निघतो, आणि त्याहून मोलाचे म्हणजे प्रवाशांचे खरे आकडे हाती येतात.

आंतरराष्ट्रीय दर्जाचा प्रस्ताव या आकड्यांसह पाठवावा. त्यासाठी सीमाशुल्क कायद्याच्या सातव्या कलमाखाली विमानतळ अधिसूचित व्हावा लागतो, गृह मंत्रालयाकडून इमिग्रेशन तपासणी नाका मंजूर व्हावा लागतो आणि विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांची सोय करावी लागते. टर्मिनलमध्ये परदेशातून आलेला प्रवासी तपासणीआधी देशांतर्गत प्रवाशात मिसळणार नाही अशा वेगळ्या वाटा हव्यात. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडण्यापेक्षा ही तरतूद मूळ नकाशातच करावी.

दर्जा मिळाला म्हणजे परदेशी विमान आले, असे मात्र नाही. परदेशी कंपनीला भारतात कोणकोणत्या शहरांत उतरता येईल हे दोन देशांमधील हवाई सेवा करारात ठरलेले असते आणि त्या यादीत आपले गाव नसेल तर अधिसूचना हातात असूनही ती कंपनी येऊ शकत नाही. उत्तर प्रदेशातीलच कुशीनगरला जून २०२० मध्ये मंत्रिमंडळाने आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, ३,२०० मीटरची धावपट्टी झाली आणि २० ऑक्टोबर २०२१ रोजी कोलंबोहून बौद्ध भिक्खूंना घेऊन पहिले विमान उतरले. तरीही नियमित आंतरराष्ट्रीय सेवा तेथे मूळ धरू शकली नाही. म्हणून पहिली बोलणी भारतीय कंपन्यांशी करावीत, कारण त्यांच्यावर हे शहरांच्या यादीचे बंधन त्या प्रकारे येत नाही. त्यांच्यासमोर जिल्ह्यातून आखातात किंवा यात्रेसाठी परदेशी जाणाऱ्यांचे आकडे, जवळच्या मोठ्या विमानतळापर्यंतचा रस्त्याचा वेळ आणि इंधनावरील राज्याच्या मूल्यवर्धित कराचा दर असे तीन कागद ठेवावेत. शेवटचा कागद राज्य सरकारच्या हातातला असल्याने त्यावरची सवलत बैठकीपूर्वीच मंजूर करून घ्यावी.