समुपदेशनाच्या मास्टर्सची तयारी: आधी लायसन्स, मग कॉलेज

अमेरिकेत समुपदेशक व्हायचं म्हणून मास्टर्सला अर्ज करणारे बहुतेक जण कॉलेजांच्या यादीपासून सुरुवात करतात. यादी नंतर. आधी लायसन्स. ते केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं. नावंसुद्धा वेगळी: टेक्सासमध्ये एलपीसी, न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी. कुठे काम करायचं हे ढोबळमानाने ठरवा, त्या राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाची साइट उघडा आणि चार गोष्टी उतरवून घ्या: पदवीला किती क्रेडिट लागतात, मान्यता कोणाची लागते, शिकताना प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि पदवीनंतर देखरेखीखालचे तास किती. कॉलेजच्या माहितीपत्रकातलं ‘लायसन्ससाठी उपयुक्त’ हे वाक्य पुरेसं धरू नका. कॉलेज आपल्या राज्यापुरतं बोलतं, तुमच्या राज्याबद्दल नाही.

बहुतेक राज्यांना आता 60 सेमिस्टर क्रेडिट लागतात. 48 क्रेडिटची पदवी स्वस्त आणि लवकर संपणारी दिसते, पण उरलेले विषय नंतर पदरचे पैसे घालून करावे लागतात. मान्यता म्हणजे मुख्यतः सीएसीआरईपीची (समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी संस्था). ओहायोसारखी राज्यं तिच्याशिवाय अर्जच घेत नाहीत, काही राज्यं इतर पदव्याही चालवून घेतात. इथे एक मेख आहे: ही मान्यता विद्यापीठाला नसते, शाखेला असते. एकाच विभागात शालेय समुपदेशनाला मान्यता आणि मानसिक आरोग्य समुपदेशनाला नाही, असं होतं. म्हणून सीएसीआरईपीच्या साइटवर विद्यापीठाचं नाव टाकून थांबू नका. तुमची शाखा त्या यादीत आहे का, ते बघा. नुसत्या मानसशास्त्रातल्या एमएवर लायसन्स मिळेल हे गृहीत धरू नका. एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या मास्टर्सची) वाट वेगळी, तिचं लायसन्सही वेगळं.

परदेशातून जाणाऱ्यांनी हे गणित कागदावर मांडावंच. कॅलिफोर्नियात पदवीनंतर 3000 तास, तेही किमान 104 आठवड्यांत पसरलेले लागतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करायला ओपीटीचे (अभ्यासाशी निगडित कामाच्या परवानगीचे) 12 महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना जी 24 महिन्यांची वाढ मिळते ती समुपदेशनाला सहसा मिळत नाही. म्हणजे तास पुरे होण्याआधीच मुदत संपते. पुढे एच-1बी (नोकरीचा व्हिसा) पुरस्कृत करणारी संस्था मिळेल का, की भारतात परत येऊन काम करायचं, हे फी भरण्याआधी ठरवा. परत यायचंच असेल तर भारतातले नियम आत्ताच वाचा. आणि पूर्ण ऑनलाइन कोर्सवर आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) मिळत नाही, म्हणून ती नावं यादीतून काढा.

आता कॉलेजं निवडा. पाच-सहा पुरेत.

ट्रान्सक्रिप्टला (अधिकृत गुणपत्रकांना) वेळ द्या. विद्यापीठाकडून सीलबंद प्रती किंवा थेट पाठवणी लागते आणि त्यात आठवडे जातात. अनेक ठिकाणी मूल्यांकन संस्थेचा विषयवार अहवाल मागतात. टक्क्यांचं जीपीएत रूपांतर स्वतः करू नका. तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मानसशास्त्राची पदवी नसेल तर संख्याशास्त्र, विकासात्मक आणि अपसामान्य मानसशास्त्र हे विषय आधी मागतात का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. जीआरई अनेकांनी काढून टाकली आहे. न लागणाऱ्या परीक्षेवर तीन महिने घालवू नका. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षं धरतात.

शिफारसपत्रं बहुधा तीन. दोन शिकवणाऱ्यांची, एक तुमचं काम पाहिलेल्या पर्यवेक्षकाची. नातेवाईक, कौटुंबिक मित्र, ओळखीचे डॉक्टर नकोत. सर-मॅडमना दीड-दोन महिने आधी सांगा आणि सोबत गुणपत्रक, निवेदनाचा (‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चा) मसुदा, तारखांचा तक्ता द्या. त्यांचा संस्थेचा ईमेल घ्या. जीमेलवरून आलेल्या पत्रावर शंका घेतली जाते. पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण फॉर्मवर करा, नाहीतर पत्राचं वजन घटतं.

निवेदन साधारण दोन पानं. सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात, आणि त्याची कारणं दोन. पहिलं: स्वतःच्या दुःखाची कहाणीच पूर्ण निवेदन होऊन बसते. ती दोन-तीन ओळींत सांगा, मग त्यातून काय शिकलात आणि आज कुठे उभे आहात यावर या. दुसरं: ‘लोकांना मदत करायची आवड आहे’ हे वाक्य. प्रत्येक अर्जात ते असतं. त्याऐवजी असं काही लिहा: ‘हेल्पलाइनवर पहिल्या महिन्यात मी समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच उपाय सुचवत होते, पर्यवेक्षिकेने ध्वनिफीत थांबवून तो क्षण दाखवला.’ यात काम दिसतं, चूक दिसते, शिकण्याची तयारी दिसते. मात्र ज्यांच्यासोबत काम केलंत त्यांची ओळख पटेल असा तपशील एकही नको. गाव, नोकरी, आजार एकत्र लिहिलेत तर नाव न घेताही ओळख पटते, आणि गोपनीयता न कळणाऱ्याला या क्षेत्रात कोणी घेत नाही.

मुलाखत पुष्कळदा गटात असते. दुसऱ्याचं ऐका, त्याच्या मुद्द्याला धरून बोला, सगळा वेळ खाऊ नका. भूमिकाभिनय दिला तर सल्ला देऊ नका, प्रश्न विचारा. तुमच्याकडूनही प्रश्न हवेत: इंटर्नशिपची जागा कॉलेज लावून देतं की स्वतः शोधायची? माझ्या राज्याच्या लायसन्सच्या अटी हा कोर्स पुऱ्या करतो का, आणि तसं लेखी देणार का? दुसरा प्रश्न विसरू नका. तोंडी ‘हो’ धरू नका.

प्रवेश मिळाल्यावर बोर्डाची साइट पुन्हा उघडा. नियम बदलतात. सीएसीआरईपीच्या कोर्सात 100 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव (त्यातले 40 थेट क्लायंटसोबत), आणि 600 तासांची इंटर्नशिप (240 थेट) असते. दोन सेमिस्टरमध्ये विभागली तर आठवड्याला सुमारे 20 तास. त्यासाठीची सीपीटीची (शिकत असताना कामाची) परवानगी पहिल्या दिवसाआधी हातात हवी, काम विनावेतन असलं तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय रुजू होऊ नका. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झाली की ओपीटी जाते; 20 तासांपर्यंतची अर्धवेळ मोजत नाहीत.

उरलेलं: निधीचे पुरावे, सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) 350 डॉलर फी, व्हिसाची तारीख, लसींच्या नोंदी. इंटर्नशिपच्या जागेसाठी पार्श्वभूमी तपासणी आणि व्यावसायिक विमा. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफ करून ठेवा, लायसन्सच्या अर्जाला बोर्ड तो मागू शकतं.