पिढ्या मोजताना एकाचा फरक कुठून येतो

कॉन्वेच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये चौकटींच्या ग्रिडवरची प्रत्येक पेशी पुढच्या पिढीत जिवंत की मृत हे तिच्या शेजाऱ्यांवरून ठरतं. अशा सिम्युलेशनमध्ये ‘आकृती कितव्या पिढीत स्थिरावली?’ असा प्रश्न आला की बहुतेकांचं उत्तर एकाने चुकतं. नियम बरोबर लिहिलेले असतात, पण काउंटर लूपच्या फेऱ्या मोजत बसतो. तो स्थितीशी बांधलेला हवा. दिलेली सुरुवातीची मांडणी म्हणजे पिढी ०, आणि नवी ग्रिड पूर्ण तयार झाल्यावरच काउंटर एकाने वाढतो.

नवी ग्रिड नेहमी वेगळ्या ॲरेमध्ये बांधा. जुन्यातच बदल केलेत तर अर्ध्या पेशी या पिढीच्या आणि अर्ध्या पुढच्या पिढीच्या शेजाऱ्यांवर ठरतात. मग मोजायला पिढी अशी उरतच नाही.

पिढी = ०
पाहिलेल्या = रिकामी डिक्शनरी
जोवर स्थिती पाहिलेल्यांत नाही:
    पाहिलेल्या[स्थिती] = पिढी
    स्थिती = पुढची(स्थिती)
    पिढी = पिढी + १
सुरुवात = पाहिलेल्या[स्थिती]
आवर्तन = पिढी − सुरुवात

‘सुरुवात’ म्हणजे पुन्हा येणारी स्थिती पहिल्यांदा दिसली ती पिढी, आणि ‘आवर्तन’ म्हणजे ती किती पिढ्यांनी परत येते. उत्तर ‘सुरुवात’ आहे, ‘पिढी’ नाही. तीन पेशींचा काटकोन घेऊन पाहा: पिढी १ मध्ये त्याचा चौकोनी ब्लॉक होतो. तोच ब्लॉक पुन्हा दिसल्याचं मात्र पिढी २ ला कळतं, आणि एकाचा फरक इथेच पडतो. ब्लिंकर, म्हणजे आलटून पालटून उभी-आडवी होणारी तीन पेशींची रांग, हिच्यासाठी सुरुवात ०, आवर्तन २ यायला हवं. डायहार्ड ही सात पेशींची आकृती १३० व्या पिढीत नामशेष होते. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, कारण रिकामी ग्रिडही पुढच्या पिढीत पुन्हा रिकामीच येते.

पायथनमध्ये लिस्ट किंवा साधा सेट डिक्शनरीची की होऊ शकत नाही. जिवंत पेशींच्या निर्देशांकांचा फ्रोझनसेट (न बदलता येणारा सेट) करा. जिवंत पेशींची संख्या बदलत नाही म्हणून ‘स्थिर’ ठरवण्याचा शॉर्टकट मात्र घेऊ नका. ब्लिंकरच्या पेशी कायम ३ आणि ग्लायडर या सरकत जाणाऱ्या आकृतीच्या कायम ५, तरी दोन्ही दर पिढीला बदलत असतात.

खरी अडचण कडांची. ग्लायडर ४ पिढ्यांत तिरका एक घर सरकतो. कडा एकमेकींना जोडलेल्या २० × २० ग्रिडवर तो ८० पिढ्यांनी मूळ जागी येतो आणि लूप थांबतो. अमर्याद ग्रिडवर तो परत येतच नाही, म्हणून वरचा लूप कधीच संपणार नाही. पिढ्यांची कमाल मर्यादा घालाच. आर-पेंटोमिनो ही पाच पेशींची आकृती ११०३ व्या पिढीत ११६ पेशींवर स्थिरावते असं मानतात, पण तिच्यातून सुटलेले सहा ग्लायडर दूर जातच राहतात. तिथे दूर जाणारे ग्लायडर ओळखून वगळा आणि उरलेल्या पेशींवर तीच तपासणी चालवा. लहान बंदिस्त ग्रिडवर हेच ग्लायडर कडेला आपटतात, आणि मग ११०३ हा आकडा येईल याची खात्री नाही.

हजारो पिढ्या साठवून मेमरी भरत असेल तर ब्रेंटची आवर्तन शोधण्याची पद्धत वापरा. तिला एका वेळी दोनच स्थिती जपाव्या लागतात, मात्र ‘सुरुवात’ काढायला आकृती पिढी ० पासून पुन्हा चालवावी लागते.